राधेचा भाग

१९६८ चा श्रावण आहे. सोमवार, दुपारचे चार वाजलेत. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या दिंडीतून तुम्ही वाकून आत शिरता. पावसाची भुरभुर नुकती थांबली आहे. चौकातल्या फरशा ओल्या आहेत. ओसरीच्या भिंतीवर, तुमच्या डोक्याच्याही वर, एक मातकट रेघ दिसते. सात वर्षांपूर्वी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं. नंतर चुना मारला, पण रेघ पुन्हा उमटली.

ओसरीवर सतरंजी अंथरली आहे आणि चार म्हातारी माणसं बसली आहेत. "या, टेका," कुणीतरी सरकून जागा देतं. नाव-गाव कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच: "सध्या काय वाचताय?"

तुम्ही घुटमळता. हरकत नाही, त्यांना उत्तराची घाई नाही. मास्तरांच्या मांडीवर हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' आहे. पुरात भिजलेलं, गच्चीवर वाळवलेलं, पानं पापडासारखी फुगलेली. बाजूच्या आजोबांकडे नगर वाचन मंदिरातून आणलेलं 'स्वामी' आहे. त्यांची तिसरी खेप. रमा सती जाते ते प्रकरण आलं की ते पुस्तक मिटतात आणि दोन दिवस उघडत नाहीत.

आजचा वाद मात्र नाना आणि आक्कांचा आहे.

नाना पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे खाकी कागदाचं वेष्टन घातलेलं जाडजूड 'मृत्युंजय' आहे, आणि त्यावर भिंग. गेल्या वर्षी आलेली ही कादंबरी पुण्यात हातोहात फिरते आहे. "लिहिणारा सत्तावीस वर्षांचा पोर," नाना सांगतात, "कोल्हापुरात शाळामास्तर. आणि कर्ण काय उभा केलाय!"

आक्का गालात हसतात. त्यांच्या हातात इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आहे, तेही गेल्याच वर्षीचं. आक्का लहानपणी विधवा झाल्या, अण्णा कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात शिकल्या. त्यामुळे इरावतीबाईंचा उल्लेख त्या 'आमच्या अण्णांची सून' असाच करतात. पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवत जाणाऱ्या या बाईंना पाहिलं की आक्का अजून थांबून बघत राहतात.

"नाना, सूतपुत्राला वरणार नाही असं द्रौपदी म्हणाली, त्यावरून तुम्ही तिच्यावर रागावता ना?" आक्का म्हणतात. "भांडारकर संस्थेत जवळजवळ पन्नास वर्षं महाभारताच्या पोथ्या ताडून पाहत होते. दोन वर्षांपूर्वी काम पुरं झालं. त्यांच्या शुद्ध पाठात ते वाक्यच नाही."

"नसेल."

"बाई कर्णालाही सोडत नाहीत. भर सभेत द्रौपदीला काय बोलला तो?"

नाना मान खाली घालतात. हे त्यांना मान्य आहे. त्यांचं दुखणं वेगळं आहे. ते पुस्तकावरून हात फिरवत राहतात. चहाची किटली येते, कपबशा भरतात. सोमवार असल्यामुळे सोबतीला शेंगदाणे आणि गूळ. तुमच्याही हातावर ठेवतात. चहात आलं जरा जास्त पडलं आहे.

"या पुस्तकात सहा जण बोलतात," नाना हळूच म्हणतात. "कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण. राधा बोलत नाही, आक्का. जिनं वाढवला तिला एकही भाग दिलेला नाही."

आक्का 'युगान्त' उलगडून पाहतात. गांधारी आहे, कुंती आहे, द्रौपदी आहे. "इथेही नाही," त्या म्हणतात.

"मी दत्तक गेलेला," नाना सांगतात. "पाचव्या वर्षी वाईहून इथं आलो. जन्म दिलेली आई सणासुदीला यायची. ती आली की मी दिवसभर तिच्याभोवती. आणि जिनं माझं सगळं केलं ती चुलीपाशी. गेली तेव्हा मी पोस्टात ड्यूटीवर होतो. तिला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही. परवा रात्री हे वाचून संपवलं आणि पहिल्यांदा मनात आलं, राधा काय म्हणाली असती?"

या ओसरीवर ही माणसं वीस वर्षं बसताहेत. आजवर हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला इथे आणलं ते या घटकेसाठी. मास्तर कपातल्या चहाकडे बघत राहतात. काही विचारावंसं वाटूनही तुम्ही गप्प बसता, आणि ते बरोबरच करता.

आतून भाजणीचा वास येतो. उपास सोडायची वेळ होत आली. आक्का 'युगान्त' नानांपुढे सरकवतात आणि 'मृत्युंजय' आपल्या पिशवीत घालायला घेतात.

"नाना, भिंग राहिलं."

"असू द्या. छपाई बारीक आहे, तुम्हाला लागेल."

"मग तुम्ही हे कशानं वाचणार?"

"नाही वाचणार इतक्यात." नाना 'युगान्त' परत त्यांच्या पिशवीत ठेवतात. "तुम्ही हे संपवा. राधा कुठे कुठे येते तेवढं कागदावर टिपून ठेवा. मला पुन्हा बघायचंय."