एक रुग्ण, दोन खिडक्या : क्षयरोग आणि एचआयव्हीचा इतिहास

आज आपण दोन रोगांचा इतिहास एकत्र बघणार आहोत. सरकारी कागदावर ते बरीच वर्षं वेगळे राहिले. माणसाच्या शरीरात मात्र एकत्रच नांदले.

क्षय आपल्याला जुना. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये त्याचा जंतू दाखवला. देशाचा क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. एचआयव्ही आपल्याकडे सापडला १९८६ मध्ये, मद्रासला. त्यासाठी १९९२ मध्ये ‘नाको’ ही वेगळी संघटना उभी राहिली. म्हणजे दोन कार्यक्रम, दोन रजिस्टरं, दोन खिडक्या.

आता शरीरात काय होतं बघा. क्षयाचा जंतू कित्येकांच्या अंगात गप्प पडून असतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते, आणि एचआयव्ही नेमकी तीच पोखरतो. नुसता जंतू अंगात असलेल्याला आयुष्यभरात क्षय होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के. सोबत एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील, तर जवळपास तेवढी शक्यता दर वर्षाला! त्यात फसगत अशी, की फुफ्फुसात पोकळ्या पडतात त्या प्रतिकारशक्तीच्या झुंजीमुळे. झुंजच मंदावली की पोकळ्या कमी आणि थुंकीत जंतूही कमी. मग थुंकीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो, आणि माणूस मात्र खंगत जातो.

हे आपल्या भंडाऱ्यातून बघू. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया याच जिल्ह्यात होता. देवरी-सालेकशाच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण भंडाराच. एप्रिल २००४ मध्ये एचआयव्हीची एआरटी औषधं सरकारने मोफत द्यायला सुरुवात केली, ती देशातल्या ८ रुग्णालयांत. त्यात महाराष्ट्रातलं होतं मुंबईचं जे. जे. भंडारा रोड स्टेशनपासून मुंबई सुमारे ९०० किलोमीटर. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तिथवर जाणार कोण? एआरटी केंद्रं हळूहळू वाढत गेली, तेव्हा कुठे हे अंतर कमी झालं.

दोन्ही कार्यक्रमांची हातमिळवणी २००१ मध्ये ६ राज्यांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्र होता. क्षयाच्या रुग्णाला एचआयव्ही तपासणीबद्दल विचारायचं आणि एचआयव्हीच्या रुग्णाला खोकला, ताप, वजन विचारायचं, एवढी ती साधी गोष्ट. औषधांचं गणित जमायला मात्र आणखी वेळ लागला. क्षयाच्या गोळ्या तेव्हा आठवड्यातून तीनदा दिल्या जात. एचआयव्ही असलेल्यांना रोजचा डोस जास्त चांगला, हे चेन्नईच्या अभ्यासातही दिसलं. देशभर रोजची पद्धत आली ती २०१७ मध्ये.

पण मंडळी, खरी अडचण गोळीच्या आधीची आहे. क्षयाच्या रुग्णाला ‘एचआयव्हीचीही तपासणी करू’ म्हटलं, की त्याला वाटतं, डॉक्टर आपल्या वागणुकीवर संशय घेताहेत. गावात कळलं तर? पोरीचं लग्न मोडलं तर? या भीतीपायी माणसं तपासणी टाळतात आणि उशीर जिवावर बेततो. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही आणि गुप्तता पाळायचीच, असं तो सांगतो.

दोन खिडक्या जोडायला आपल्याला इतकी वर्षं लागली. त्या खिडकीपाशी उभ्या माणसाकडे शेजारी कसं बघतो, ते काम मात्र कायद्याने होणारं नाही, ते आपलंच आहे.