वर्धा, मिथेनॉल आणि कुमारप्पांचा प्रश्न

१/ वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रात विषारी दारूची चर्चा निघाली की एक नाव हमखास येते: मिथेनॉल. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे या द्रवाने दगावली. आज मात्र अनेक प्रयोगशाळा हेच विष जिवाणूंना अन्न म्हणून देत आहेत. हे कसे घडले, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याविषयीचा कोणता प्रश्न आधीच विचारला गेला होता, ते या धाग्यात पाहू.

२/ मिथेनॉलच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. मानवी शरीरात त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. या आम्लाने दृष्टी जाते, पुढे प्राणही जातो.

३/ निसर्गात मात्र काही जिवाणू याच पदार्थांवर जगतात. १९०६ मध्ये डच संशोधक सोंगेन यांनी मिथेन वायूवर वाढणारा जिवाणू वेगळा केला. असे जिवाणू मिथेनचे आधी मिथेनॉल करतात आणि मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड. म्हणजे पायरी तीच, जी आपला घात करते.

४/ मग ते मरत कसे नाहीत? इंग्लंडमध्ये रॉडनी क्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याची उकल केली. काही जिवाणू फॉर्माल्डिहाइड तयार होताच त्याला पाच कार्बनांच्या शर्करेशी जोडतात. सहा कार्बनांची शर्करा बनते. तिचा काही भाग पेशीच्या वाढीस लागतो आणि उरलेल्यातून पाच कार्बनांची शर्करा पुन्हा घडते. हे चक्र अखंड फिरत राहिले तरच विष साचत नाही.

५/ यावर पहिला मोठा उद्योग उभारला तो ब्रिटनच्या आय.सी.आय. कंपनीने. बिलिंगहॅम येथील अवाढव्य टाकीत मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचे पशुखाद्य बनवले जाई. १९८० मध्ये त्या जिवाणूत ई. कोलायचे एक जनुक बसवून त्याची कार्यक्षमता वाढवल्याचेही प्रसिद्ध झाले. शास्त्र यशस्वी ठरले, पण सोयाबीनची पेंड स्वस्त पडली आणि प्रकल्प गुंडाळावा लागला.

६/ पुढचा विचार उलट दिशेने झाला. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला सर्वांत परिचित जिवाणू. त्याच्याकडून औषधे आणि रसायने बनवून घेता येतात, पण त्याला साखर लागते, आणि साखर म्हणजे शेतजमीन, पाणी व माणसाचे अन्न. त्यालाच मिथेनॉल पचवायला शिकवले तर?

७/ जनुके बसवणे तुलनेने सोपे होते. फॉर्माल्डिहाइड साचले की ते पेशीतील डी.एन.ए. आणि प्रथिने एकमेकांना चिकटवून टाके, आणि पेशी मरे. चक्राचा तोल साधेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या निवड करत राहावी लागली. २०२० मध्ये तैवानमधील जेम्स लिआओ यांच्या गटाने केवळ मिथेनॉलवर वाढणारा ई. कोलाय जाहीर केला. २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांचा वाण चार तासांहून थोड्या अधिक वेळात दुप्पट होऊ लागला आणि लॅक्टिक आम्लासारखी रसायनेही देऊ लागला.

८/ आता वर्धा. १९३४ मध्ये येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ ‘मगनवाडी’ हे नाव मिळाले. लंडनमध्ये हिशेबशास्त्र आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले जे. सी. कुमारप्पा येथे संघाचा कारभार पाहत.

९/ जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिले. ते १९४५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यांची मांडणी साधी आहे. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठे आहेत. उपसले की संपतात, आणि त्यांवरून भांडणे होतात. वाहते पाणी, वाढते जंगल हे प्रवाह आहेत. जपून वापरले तर टिकतात. जमिनीविषयीही ते म्हणत की कारखान्यांच्या कच्च्या मालाआधी त्या भागातील माणसांचा समतोल आहार पिकला पाहिजे.

१०/ कुमारप्पांनी जिवाणूंच्या जनुकांविषयी काही म्हटले नव्हते. तसा दावा करणे इतिहासाशी अप्रामाणिक ठरेल. पण त्यांची कसोटी येथे नेमकी लागू पडते. साखरेऐवजी मिथेनॉल वापरले तर अन्नाची जमीन वाचते, ही जमेची बाजू. परंतु ते मिथेनॉल येते कुठून? आज जगातील बहुतांश मिथेनॉल नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनते. म्हणजे जिवाणू नवा, साठा जुनाच.

११/ दुसरी वाटही आहे. शेतातील काडीकचरा, शेणाचा वायू किंवा कारखान्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेनॉल बनवता येते. कार्बन डायऑक्साइडच्या वाटेला हायड्रोजन लागतो, आणि तो सौर किंवा पवन विजेवर मिळवावा लागतो. ही वाट सध्या महाग आहे, पण ती प्रवाहाची आहे. वर्ध्यापुरते बोलायचे तर कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या येथे एका बाजूला आहेत आणि शेजारच्या चंद्रपूरचा कोळसा दुसऱ्या बाजूला.

१२/ मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आणि १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालयही. वर्ध्याला गेलात तर ते अवश्य पाहा. आणि ‘शाश्वत’ अशी पाटी लावलेला कोणताही शोध वाचनात आला, तर आधी एवढेच विचारा: याचा कच्चा माल साठ्यातला की प्रवाहातला?