सात दिवसांची रजा

गेल्या आषाढात मी सात दिवसांची रजा काढली. अर्जात कारण लिहिले, 'घरगुती काम'. खरे कारण होते कादंबरी. पण तालुक्याच्या कचेरीत वीस वर्षे फायली सांभाळलेल्या कारकुनाने रजेच्या अर्जावर 'कादंबरी लिहिण्यासाठी' असे लिहिले असते, तर साहेबांनी आधी माझी तब्येत विचारली असती. घर जव्हारला, नोकरी मोखाड्याला. रोज एसटीच्या खिडकीशी बसून मनात जे रचत आलो, ते आता सात दिवसांत कागदावर उतरवायचे, असा बेत होता.

बेतही लहान नव्हता. जव्हारच्या पहिल्या राजावर कादंबरी लिहायची. जव्हार संस्थान महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचे. मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याची एक कथा १८८२ च्या ठाणे गॅझेटियरातही आली आहे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या, असे तो म्हणाला, आणि जमीन मिळाल्यावर त्याने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांचा वेढा घातला. हीच कथा हजारो मैलांवर कार्थेजच्या राणीचीही सांगतात. जयबाचा मुलगा नेमशाह. त्याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली ती ५ जून १३४३ रोजी. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक होता. तेव्हापासून कोळी राजांच्या नावापुढे 'शाह' लागले, ते शतकानुशतके टिकले. विक्रमशाह, पतंगशाह ही नावे जव्हारच्या माणसाला परकी वाटत नाहीत. सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज १६६४ साली शिरपामाळावर विक्रमशाहाला भेटले, असे इथे प्रत्येक मूल सांगते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पण 'शाह' काही गेला नाही. एका आदिवासी राजाच्या नावात दिल्लीचा शब्द सहाशे वर्षे सुखाने नांदतो, यापेक्षा चांगला विषय माझ्यासारख्याला कुठून मिळणार? वाचकहो, विषय चांगला होता. रजा मंजूर होती. वह्या आणल्या होत्या.

पहिला दिवस छपराखाली बादल्या ठेवण्यात गेला. जव्हारचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. दुपारी वीज गेली ती रात्री आली. दुसऱ्या दिवशी 'तुम्ही घरीच आहात ना' म्हणत तिघे जण आपापले सातबारा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी चौथा चहा ठेवताना पत्नी म्हणाली, "तुमची रजा आहे, माझी डबल ड्युटी." त्या रात्री मी एकूण पाने मोजली. साडेचार.

तेव्हा लिहिण्याऐवजी मी दुसराच विचार करू लागलो. लोकांनी कादंबऱ्या लिहिल्या तरी कधी? त्यांना वेळ कोणी दिला?

आधी शब्दच पाहावेत. 'रजा' आपल्याकडे अरबीतून आली. तिथे 'रिझा' म्हणजे संमती, राजीखुशी. 'अल्लाह की रज़ा' आपण रोज म्हणतो, त्यातली रज़ा हीच. मराठीत आल्यावर तिचा अर्थ धन्याची परवानगी असा झाला, आणि मग त्या परवानगीने मिळालेली सुट्टी. 'राजीनामा'ही त्याच मुळातला, म्हणजे नोकरदाराच्या आयुष्याची दोन टोके एकाच धातूने बांधलेली आहेत. 'कादंबरी' मात्र संस्कृतातून आली. बाणभट्टाच्या ग्रंथातली नायिका ती. मराठीने तिचे नाव सगळ्या साहित्यप्रकारालाच देऊन टाकले. गंमत अशी की बाणभट्टाला ती पुरी करता आली नाही. तो गेला आणि पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. म्हणजे आपल्या भाषेत कादंबरीचे नावच एका अपुऱ्या राहिलेल्या कामावरून पडले आहे. साडेचार पानांच्या धन्याला याने बराच धीर आला.

हक्काची सुट्टी ही तर अगदी अलीकडची गोष्ट. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. त्याआधी आठवड्याचा एक दिवस आपला, ही कल्पनाच कामगाराच्या वाट्याला आलेली नव्हती. आणि योगायोग पाहा, त्याच १८९० साली हरि नारायण आपट्यांचे 'करमणूक' साप्ताहिक निघाले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यात क्रमाने येऊ लागली. एकीकडे कष्टकऱ्याला मोकळा दिवस मिळाला, दुसरीकडे वाचकाला आठवड्याला एक हप्ता. गिरणीतल्या माणसाच्या हाती तो अंक पडत असेल असे नाही. पण कादंबरी आणि मोकळा वेळ यांचे नाते एकाच वर्षी असे समोर यावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. भरपगारी रजा आली त्याहून उशिरा. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा ठरवली. या हिशेबाने सात दिवसांच्या रजेसाठी एकशे चाळीस दिवस राबावे लागते.

सात दिवसांत कादंबरी लिहून झाल्याचा दाखला आहे, नाही असे नाही. इंग्रजीतला डॉ. जॉन्सन. जानेवारी १७५९ मध्ये त्याची म्हातारी आई वारली. दफनाचा खर्च आणि आईची किरकोळ देणी भागवायची होती. त्याने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' लिहून काढली, सुखाच्या शोधात निघालेल्या हबशी राजपुत्राची कथा. जंजिऱ्याच्या शेजारी वाढलेल्या आपल्या कोकणी वाचकाला हबशी राजपुत्र काही नवा नाही. पण त्या आठवड्याला रजा कशी म्हणायची? तो तर मयताच्या घरातला आठवडा.

दुसरा दाखला आमच्या जवळचा. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरावरून उतरले की नाशिक. तिथल्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवली. कादंबरी म्हणा, आठवणी म्हणा. पाच दिवसांत पुस्तक झाले. आणि तेही दिवसा तुरुंगातले काम करून, रात्री आणि पहाटे लिहून. शाळेत आम्हाला हे चमत्कार म्हणून सांगत. मला आता तो चमत्कार वाटत नाही. आईच्या त्या गोष्टी त्यांच्या मनात किती वर्षे आधीपासून चालू असतील! पाच दिवस उतरवून घेण्याचे होते. शिवाय तुरुंगात कोणी सातबारा घेऊन येत नाही.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. मुंबईत जम न बसलेला पंचविशीतला तरुण सांगवीला, आपल्या गावी परतला आणि काही आठवड्यांत कादंबरी लिहून मोकळा झाला. इथे वेळ दिला तो बेकारीने. आणि आपल्या हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ ची. दलवाईंच्या सामाजिक मतांवर आपल्यात वाद झाले, अजून होतात, व्हावेत. पण कोकणातल्या मुसलमान गावाचे आतून केलेले असे चित्रण मराठीत त्याआधी नव्हते, हे त्यांच्या विरोधकालाही मान्य करावे लागेल. त्या कादंबरीचा निवेदक पंधरा वर्षांनी गावी येतो तो हृदयविकारानंतर विश्रांतीसाठी. म्हणजे तोही रजेवरच आला आहे. घरी पडून राहायचे, काही करायचे नाही, असे ठरवून आलेल्या माणसाला गाव काही पडू देत नाही. तिसऱ्या दिवसानंतर मला तो निवेदक फार जवळचा वाटू लागला.

मृत्यू, तुरुंग, बेकारी, आजार. कादंबरीला सलग वेळ मिळाला तो बहुधा अशा वाटांनी. ज्यांना यांपैकी काही लाभले नाही त्यांनी नोकरी सांभाळून तुकडे जोडले. श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'च्या नोकरीत राहून 'गारंबीचा बापू' आणि 'रथचक्र' लिहीत गेले. इंग्लंडात टपाल खात्यातला अँथनी ट्रोलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि पाव तासाला अडीचशे शब्द लिही. आम्हा कारकुनांचा तो खरा पीर. मात्र त्याला पहाटे उठवून कॉफी देणारा एक म्हातारा नोकर होता आणि त्याला त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा मिळत. हे ट्रोलपने स्वतः नोंदवून ठेवले, हा त्याचा प्रामाणिकपणा. आमच्या घरच्या चहाची नोंद कुठे आहे?

उर्दूत डेप्युटी नझीर अहमद. सरकारी नोकरी, आणि घरात शिकणाऱ्या मुली. त्यांना वाचायला धड पुस्तक नाही म्हणून ते स्वतःच थोडे थोडे लिहून देत. मुली वाचून पुढचे मागत. त्यातून १८६९ साली 'मिरातुल उरूस' झाली. केम्पसन नावाच्या शिक्षण खात्याच्या साहेबाच्या नजरेला ते हस्तलिखित पडले आणि सरकारचे हजार रुपये बक्षीस मिळाले. ही कादंबरी एका बापाच्या फावल्या वेळेची, हे मला तिच्या उपदेशापेक्षा मोठे वाटते.

आणि रुकैया सखावत हुसेन. त्यांचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट पती दोन दिवस फिरतीवर गेले होते. घरात एकट्या असलेल्या रुकैयांनी वेळ घालवायला म्हणून इंग्रजीत 'सुलतानाज् ड्रीम' लिहिली. १९०५ साली ती मद्रासच्या मासिकात छापून आली. बायका राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात बसतात, अशी ती कथा. परत आलेल्या पतींनी ती उभ्यानेच वाचून संपवली म्हणतात. इथे रजा कोणाची होती? नवऱ्याची नाही, तो तर कामावर होता. तो घरात नव्हता, हीच बाईची रजा. मी हे चौथ्या दिवशी पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग तुम्ही उद्या जा ना मोखाड्याला."

थोडे आपल्याबद्दल. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपल्यात कविता भरपूर आली, कथा आली, आत्मकथने आली, वैचारिक लेखन तर खूपच आले. कादंबऱ्या त्या मानाने थोड्या. याचे कारण प्रतिभेत शोधणाऱ्यांशी माझे जमत नाही. कविता एसटीत होते. गझलेचा शेर दोन नमाजांच्या मधल्या वेळेत होतो. कथा एका रविवारी होते. कादंबरीला महिनोन्महिने एकच दार उघडे ठेवावे लागते, आणि आपला लिहिणारा माणूस मास्तर, कारकून, दुकानदार, नाही तर चार घरांचे सांधे जुळवणारी बाई असतो. त्याचे दार सारखे वाजत असते. दलित लेखकांनाही हेच सोसावे लागले आणि अण्णा भाऊंनी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून 'फकिरा' दिली, हे कोणी मला सुनावील. बरोबर आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

चौथ्या रात्री मात्र वेगळेच झाले. नेमशाह पुढे सरकेना म्हणून मी अब्बांची जुनी वही काढली. अब्बा आठवडे बाजारांतून लुगडी आणि पंचे विकत. जव्हार, मोखाडा, खोडाळा. उधारी नागली-वरई निघाल्यावर फिटायची. वहीत पाड्यांची नावे, माणसांची नावे, पुढे रक्कम. काही रकमांवर आडवी रेघ, म्हणजे फिटली. काहींवर रेघ नाही, पण बाजूला अब्बांच्या बारीक उर्दू अक्षरात एक शब्द, 'माफ'. १९९२-९३ च्या पानांवर असे 'माफ' ओळीने आहेत. ते वर्ष जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे. कुपोषणाने तिथे शंभरावर बालके गेली, आणि या डोंगरांचे नाव प्रथमच देशभर वर्तमानपत्रांत आले. त्या पाड्यांतले कोणी अब्बांचे गिऱ्हाईक होते काय, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारता येणार नाही. वहीत एका नावापुढे एक झबले लिहिले आहे. रक्कम नाही, 'माफ'ही नाही, नुसते झबले.

पाचव्या दिवशी मी राजाची पाने बाजूला ठेवली आणि त्या झबल्यापासून लिहायला सुरुवात केली. लिहिताना कळले, की दिल्लीच्या सुलतानाबद्दल मला पुस्तकातून ठाऊक होते. पाठीवर गठ्ठा घेऊन सूर्यमाळ चढणाऱ्या माणसाबद्दल कोणत्या पुस्तकातून घ्यावे लागणार नव्हते. साने गुरुजींचे पाच दिवस मला त्या रात्री थोडेसे समजले. सातव्या दिवसापर्यंत एकोणीस पाने झाली. त्यातली चौदा झबल्याची.

आठव्या दिवशी पहाटेच्या एसटीने मोखाड्याला गेलो. साहेबांनी विचारले, "झाले का घरगुती काम?" मी म्हटले, "सुरू झाले साहेब." शिल्लक रजेचा हिशेब काढायला मी रजिस्टर उघडले. अजून अकरा दिवस होते.