ॲनोरेक्सिया नर्व्होसा : निदान व उपचार

वजन वाढण्याच्या धास्तीने स्वतःहून अन्न तोडत जाण्याचा मानसिक आजार. बरगड्या दिसू लागल्या तरी रुग्णाला आपण जाडच वाटतो. हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि मुलींत अधिक आढळतो; मुलग्यांत मात्र उशिरा ओळखला जातो. ‘ॲनोरेक्सिया’ म्हणजे भूक नसणे, पण हे नाव फसवे आहे. भूक असते, ती दाबून ठेवलेली असते.

इंग्लिश वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली क्षयावरच्या ग्रंथात अशा एका तरुणीचे वर्णन केले : हाडांवर नुसती कातडी, पण ताप नाही, खोकला नाही. ती दगावली. आपल्याकडेही वाळत चाललेल्या मुलीचा आधी छातीचा एक्स-रे निघतो, आणि ते योग्यच आहे. क्षय, थायरॉइड, मधुमेह वगळायलाच हवेत. चूक होते ती पुढे : अहवाल चांगले आले की ‘काही नाही, नीट जेवत जा’ असे सांगून तिला घरी पाठवले जाते.

निदान प्रश्न विचारूनच होते. आमटीवरचा तवंग चमच्याने काढणे, पोळीचे नखाएवढे तुकडे करून तासभर ताटाशी बसणे, इतरांना आग्रहाने वाढणे, हे घरच्यांनी पाहिलेले असते. त्यांना विचारावे लागते. गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास वाढत जातात आणि उपासाला कोणी हटकत नाही. उपास सोडताना आनंद होतो की भीती वाटते, हे विचारले की पुष्कळ उलगडा होतो. प्रौढांत बॉडी मास इंडेक्स १८.५ च्या खाली असणे ही सध्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील मर्यादा होय. पण मुळात स्थूल असलेल्या मुलीचे वजन झपाट्याने उतरले असेल, तर आकडा ‘नॉर्मल’ असूनही हृदयाला धोका असतो. पाळी बंद होण्याची अट अमेरिकन निकषांतून २०१३ साली वगळली गेली. मंद नाडी, उभे राहताच घसरणारा रक्तदाब, गार हात, अंगावरची बारीक लव आणि, ओकारी काढण्याची सवय असल्यास, बोटांच्या पेरांवरचे घट्टे तपासावेत. वजन लघवी करून आल्यावर, हलक्या कपड्यांत घ्यावे. आकडा वाढावा म्हणून आधी पोटभर पाणी पिणारे रुग्ण असतात.

उपचारात अन्न आधी. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवले, तेव्हा तेही खिन्न झाले आणि दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. उपाशी मेंदूशी वाद घालून फारसे साधत नाही. मात्र अन्न बेताने वाढवावे. फार दिवसांनी पिष्टमय अन्न मिळताच इन्सुलिन वाढते, फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जाते, रक्तातली पातळी कोसळते आणि हृदय थांबू शकते. म्हणून अतिकृश रुग्णाला भरती करून थायमिन देतात आणि रक्त वारंवार तपासतात.

या आजाराला १८७३-७४ च्या सुमारास आजचे नाव देणारा विल्यम गल नातेवाइकांना सर्वांत वाईट शुश्रूषक मानत असे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील १९८७ च्या अभ्यासाने हे मत उलटवले : वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून कमी जुन्या आजारात कुटुंबासह केलेले उपचार अधिक गुणकारी ठरले. या पद्धतीत काय व किती खायचे हे आईवडील ठरवतात, शेजारी बसतात, ताट संपेपर्यंत उठत नाहीत. दोष कोणालाच देत नाहीत. प्रौढांसाठी विचार-वर्तन उपचारपद्धती वापरतात. मूळ आजारावर खात्रीचे औषध नाही. बुलिमियात (भरमसाट खाऊन ओकारी काढण्याच्या आजारात) उपयोगी पडणारे फ्लुओक्सेटिन वजन घटलेल्या अवस्थेत फारसे काम करत नाही.

वजन भरले तरी भीती कित्येक महिने टिकते, म्हणून तेव्हाच उपचार थांबवू नयेत. गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी आणली म्हणून या आजारात झिजलेली हाडे भरत नाहीत. त्यासाठी वजनच परत यावे लागते, आणि किशोरवयात झालेली हाडांची झीज पुष्कळदा पूर्ण भरून निघत नाही.