मायक्रोआरएनए आणि कर्करोग

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनएचे लहानसे रेणू. त्यांच्यापासून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. आर्गोनॉट या प्रथिनाच्या साहाय्याने ते संदेशवाहक आरएनएला चिकटतात आणि त्याचे भाषांतर रोखतात किंवा त्याचा नाश घडवून आणतात. जनुक शाबूत असते, संदेशही निघालेला असतो; केवळ त्याची अंमलबजावणी मंदावते.

१९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत ‘लिन-४’ हा असा पहिला रेणू आणि त्याची कार्यपद्धती उजेडात आणली. कृमीची ही खासियत असावी, अशी समजूत पुढे सात वर्षे टिकली. २००० मध्ये ‘लेट-७’ सापडला; तो माणसासह असंख्य प्राण्यांत जवळपास जसाच्या तसा आढळला आणि ती समजूत मोडीत निघाली. या दोघांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाशी असलेला संबंध मात्र अनपेक्षित वाटेने उलगडला. क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या १३व्या गुणसूत्राचा ठरावीक भाग गळालेला असतो. तेथे कर्करोगाला आवर घालणारे जनुक असणार, या अपेक्षेने संशोधकांनी तो भाग अनेक वर्षे चाळला. प्रथिन बनवणारे खात्रीलायक जनुक काही हाती लागेना. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे व सहकाऱ्यांनी दाखवले, की तेथून हरवतात ते मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे दोन मायक्रोआरएनए. शोध चुकीच्या जागी नव्हे, चुकीच्या वस्तूचा चालला होता. हे दोन रेणू ‘बीसीएल-२’ या प्रथिनाला लगाम घालतात, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. लगाम सुटला की जुन्या लिंफोसाइट साचत जातात. याच प्रथिनाला लक्ष्य करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाले, तथापि त्याचा उगम बीसीएल-२ वरील स्वतंत्र संशोधनात आहे. हा आजार पाश्चात्त्य देशांतील प्रौढांत नेहमी आढळणारा, तर भारतीयांत तुलनेने विरळ आहे.

सर्वच मायक्रोआरएनए रक्षक नसतात. मिर-२१ अनेक प्रकारच्या गाठींत वाढलेला असतो, तर मिर-१७-९२ हा समूह लिंफोमाला हातभार लावतो. एक रेणू शेकडो संदेशांवर परिणाम करू शकतो. त्यामुळे एकाच रेणूची भूमिका ऊतकानुसार पालटते.

उपचारांची अडचण येथेच आहे. पी-५३ या सुप्रसिद्ध रक्षक जनुकाच्या आज्ञेतील मिर-३४ची कृत्रिम प्रतिकृती, एमआरएक्स-३४, मेदकणांत भरून रुग्णांना देण्यात आली. काहींच्या गाठी आक्रसल्या, परंतु रोगप्रतिकार यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

निदानाच्या आघाडीवर चित्र अधिक आश्वासक आहे. हे रेणू रक्तद्रवातही टिकून राहतात, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. वृषणाच्या जननपेशींपासून उद्भवणाऱ्या बहुतेक कर्करोगांत रक्तातील मिर-३७१ए-३पी वाढतो व शस्त्रक्रियेनंतर झपाट्याने उतरतो. प्रचलित रक्तचाचण्यांहून तो अधिक संवेदनशील ठरला आहे. टेराटोमा या प्रकारात मात्र तो सहसा वाढत नाही.