अंगणात गेलेली शाळा : बालशिक्षिकेच्या आत्मपरीक्षणाचा इतिहास

१/ 'अंगणवाडी' म्हटले की आज डोळ्यांसमोर वजनकाटा, खिचडीचे पातेले आणि सेविकेच्या हातातील नोंदवह्या येतात. परंतु हा शब्द शासकीय योजनेच्या कितीतरी आधीचा आहे. बालवाडीत मुले का येत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर दोन शिक्षिकांनी स्वतःच्या पद्धतीत शोधले, तेव्हा तो घडला. त्या शोधाचा हा इतिहास.

२/ आरंभ रोममध्ये. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांचे बालगृह सुरू झाले. मॉन्टेसरी पेशाने डॉक्टर. निरीक्षणाची वैद्यकीय सवय त्यांनी वर्गात आणली. शिक्षिकेने आधी पाहावे, मग हात घालावा. मूल रमले असेल तर मध्ये पडू नये. मुलाला पाहणे हाही शिक्षिकेच्या कामाचाच भाग आहे, हा विचार येथे रुजला.

३/ हा विचार वाचून भारावलेल्यांपैकी एक होते काठियावाडातील वकील गिजुभाई बधेका. मुलाच्या जन्मानंतर त्याच्या शिक्षणाची चिंता त्यांना मॉन्टेसरींच्या ग्रंथांकडे घेऊन गेली. वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उभे राहिले.

४/ गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' या संदर्भात मोलाचे आहे. त्यातील काल्पनिक शिक्षक मोठ्या उत्साहाने वर्गात शिरतो आणि पहिल्याच दिवशी त्याचा बेत फसतो. मुले गोंधळ घालतात. तो मुलांना दोष देत नाही. आपली तयारी कोठे चुकली याचा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगण्यापासून आरंभ करतो. पुस्तक प्राथमिक वर्गाचे असले, तरी फसलेल्या दिवसाकडे परतून पाहण्याची ही रीत बालशिक्षणाचाही गाभा ठरली.

५/ १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. बालशिक्षकांना आपल्या कामाविषयी विचार करण्यासाठी मराठीत एक हक्काची जागा मिळाली.

६/ १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. तेथील काम गाजले. परंतु त्याचा लाभ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गाला होत होता. मॉन्टेसरी साधने महाग, इमारत स्वच्छ, पालक सुशिक्षित. ज्या मुलांना बालशिक्षणाची सर्वाधिक गरज होती, ती या दारापर्यंत पोहोचतच नव्हती.

७/ म्हणून १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी गावी आल्या. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. सोबत ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताई शिकून शिक्षिका झाल्या होत्या. गावात ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. पुढची २८ वर्षे, ताराबाईंच्या निधनापर्यंत, ही जोडी टिकली.

८/ बोर्डीत अडचण लगेच उभी राहिली. बालवाडी होती, शिक्षिका होत्या. पण दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले येत नव्हती. 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' हे सोपे उत्तर हाताशी होते. ते स्वीकारले असते, तर गोष्ट तेथेच संपली असती.

९/ ताराबाई आणि अनुताईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे का जाऊ नये? वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, पालकांच्या सोयीच्या वेळी, मुलांना जमवून काम सुरू झाले. नखे, केस, आंघोळ हाही शिक्षणाचाच भाग झाला. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला आलेली ही अंगणातली बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

१०/ साधनांबाबतही तसेच. रंग, आकार, संख्या यांची ओळख करून देणारी विकतची साधने गावाला परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पाने आणि काड्या कामी आल्या. मॉन्टेसरींचे तत्त्व कायम राहिले, लाकडी ठोकळे मागे पडले. पद्धतीचा हेतू कोणता आणि तिची सवय कोणती, हे वेगळे ओळखल्याशिवाय असा बदल शक्य नसतो.

११/ एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघत गेला. मोठी भावंडे शाळेत का येत नाहीत? कारण तान्ही मुले त्यांच्या कडेवर असतात. मग बालवाडीला पाळणाघराची जोड मिळाली. काही मुले गुरांमागे जातात, त्यांचे काय? मग शिक्षक कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' आकाराला आली.

१२/ १९५७ च्या सुमारास केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेले. येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी 'विकासवाडी' वाढली. वारली मुलांची घरची बोली आणि पाठ्यपुस्तकातील मराठी यांत मोठे अंतर होते. मूल गप्प आहे म्हणजे ते मंद आहे, हा समज येथे टिकणारा नव्हता. मुलाआधी शिक्षिकेला शिकावे लागत होते.

१३/ अशा कामाला शिक्षणशास्त्रात चिंतनशील कार्यपद्धती म्हणतात. जॉन ड्यूई यांनी चिंतनशील विचाराची मांडणी १९१० मध्ये केली आणि १९३३ मध्ये ती सुधारली. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या संदर्भात ती पुढे नेली. काम करताना विचार आणि काम झाल्यावर विचार, असे दोन प्रकार शॉन यांनी दाखवले. बोर्डी-कोसबाडला हे दोन्ही प्रकार या परिभाषेच्या कितीतरी आधी रोजच्या व्यवहारात होते.

१४/ ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर पोहोचले. अनुताईंनी १९९२ पर्यंत कोसबाडचे काम चालवले.

१५/ योजनेच्या सहा सेवांत पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण येतात. कुपोषणाच्या देशात पोषणाला अग्रक्रम मिळणे रास्तच होते. पण नोंदवह्या वाढल्या आणि पुढे मोबाईलवरची नोंदही आली. किती मुले आली, वजन किती भरले, हे तेथे लिहिता येते. आज अमुक मूल का बोलले नाही, यासाठी रकाना नसतो.

१६/ मानधनावर राबणाऱ्या सेविकेने आत्मपरीक्षणही करावे, अशी अपेक्षा तिच्या माथी मारणे सोपे आहे. त्यासाठी लागणारा वेळ, सोबतीण आणि निर्णयाचे स्वातंत्र्य देणे अवघड आहे. ताराबाईंना अनुताई होत्या, अनुताईंना ताराबाई. आणि शाळेची जागा, वेळ, साधने बदलण्याचा अधिकार दोघींच्या हाती होता. अंगणवाडीचे नाव देशाने उचलले. ते नाव ज्या अधिकारातून जन्मले, तो सेविकेपर्यंत पोहोचणे अजून बाकी आहे.