तेजी-मंदी आणि एम. बी. ए.चे प्रवेशद्वार



आपल्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद सर्वांना ठाऊक आहे. २०१० साली हळदीचे भाव कडाडले. ते पाहून ठिकठिकाणी लागवड वाढली आणि २०१२ पर्यंत भाव कोसळले. बेणे लावताना पाहिलेला भाव काढणीच्या वेळी राहत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एम. बी. ए.च्या प्रवेशाचा इतिहासही असाच आहे. फक्त हे पीक दोन वर्षांचे.

१९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे आय. आय. एम. स्थापन झाल्या, १९६५ साली मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्था सुरू झाली. तेव्हा जागा मोजक्या होत्या. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर बँका व कंपन्या वाढल्या, पगार वाढले आणि प्रवेशासाठी रांग लागली. मग सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली व जगभर मंदी पसरली.

मंदीत अमेरिकेत गर्दी वाढते. तेथे बहुतेक विद्यार्थी नोकरी सोडून शिकायला येतात. नोकरीच गेली किंवा बढती अडली, तर शिकण्यात पगार बुडत नाही. आपल्याकडे उलट घडले. कॅट परीक्षेला २००९ साली सुमारे २ लाख ४१ हजार अर्ज आले, तर २०१० साली सुमारे २ लाख ४ हजारच. २००९ मध्ये परीक्षा प्रथमच संगणकावर झाली व तीत बिघाडही झाले, हे एक कारण असेल. पण नोकरीची धास्ती आणि कर्जाची भीती ही मोठी कारणे होत. आपला मुलगा बहुधा पदवी घेऊन सरळ प्रवेश घेतो आणि फी वडिलांच्या खिशातून जाते.

आता पुढचे पाहा. तेजी पाहून २००७ साली मोठ्या चढाओढीतून आत गेलेले विद्यार्थी २००९ च्या मंदीत बाहेर पडले. २००९ साली धीर धरून गेलेल्यांना २०११ साली बाजार सावरलेला मिळाला. दरम्यान तेजीच्या भरात निघालेल्या कित्येक संस्थांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या व काहींना टाळे लागले. पुढे गर्दी पुन्हा वाढली. २०२३ साली कॅटचे अर्ज सव्वातीन लाखांवर गेले.

म्हणून पालकहो, यंदाच्या पगाराच्या बातम्या वाचून शेत गहाण टाकू नका आणि मंदीच्या बातम्यांनी हुशार मुलीची वा मुलाची वाट अडवू नका. संस्थेला विचारा : मंदीच्या वर्षी तुमच्या किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली? विद्यार्थी मित्रहो, गणित, हिशेब व भाषा पक्की करा. शक्य असल्यास एक-दोन वर्षे नोकरी करून मग प्रवेश घ्या. बाजार आपल्या हाती नाही. तयारी मात्र आहे.